राउटर टेबलाला मोटर कोणती?

‘मोटर’ हा शब्द उच्चारला की आमच्या वर्गातील मित्रमैत्रिणींच्या डोळ्यांपुढे चार चाकांची गाडी उभी राहते. या लेखातील मोटर तशी नाही. ती सुताराच्या टेबलाखाली उलटी टांगलेली असते आणि तिच्या टोकाला बसवलेले पाते टेबलाच्या भोकातून बोटभर वर डोकावते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही लिहिण्याचे धाडस करते आहे, कारण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत या मोटरीच्या निवडीत मी एक हिशेब चुकवला आणि त्याचे पैसे माझ्या काकांना मोजावे लागले. दुसरी एक चूक आम्ही सर्वांनी मिळून केली. तिची किंमत माझ्या चुलत भावाचा हात मोजणार होता. ती थोडक्यात टळली. या दोन्ही चुका वाचकांपैकी कोणाच्या घरी होऊ नयेत, एवढाच या लेखाचा हेतू.

माझे वडील नोकरीच्या निमित्ताने बेळगावला आले आणि येथेच स्थायिक झाले. माझा जन्म येथला, शाळा मराठी, शेजार कन्नड. परंतु आमचे मूळ घर पांढुर्ण्याचे. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे गाव मध्य प्रदेशात आहे, तथापि घराघरांतून बोलली जाते ती मराठीच. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हाच स्वतंत्र जिल्हा झाला आणि शेजारचा सौंसर तालुका त्यात आला. दोन्हीकडे संत्र्यांच्या बागा आणि पोळ्याचे मोठे प्रस्थ. पांढुर्ण्याची जाम नदीच्या पात्रातील गोटमार अनेकांनी ऐकली असेल. ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होते. त्याच दिवशी नागपूर आणि विदर्भाच्या मुलुखात लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. आमचे मोठे काका सुतार आहेत. वर्षभर ते दारे-चौकटी करतात आणि आखाडापासून पोळ्याचे बैल. पांढुर्ण्यातील कारखान्यात बैल तयार होतात आणि सौंसरचे एक व्यापारी ते उचलून पुढे नागपूरकडे पाठवतात.

बैलाखाली चाके लावलेली पाटी असते. पाटीच्या चारही कडा गोल करणे, आसासाठी सरळ खोबणी पाडणे आणि दाराच्या कडेला नक्षीची रेघ, म्हणजे तिकडे ज्याला गोला-गलता म्हणतात ती मारणे, ही कामे काका आजवर रंध्याने आणि पटाशीने करीत. त्यांचा उजवा खांदा आता दुखतो. यंदा त्यांनी राउटर टेबल करण्याचे ठरवले आणि मला म्हणाले, “पोरी, तू हिशेबाचं शिकून रायली ना, मंग तूच सांग बाप्पा, कोणती मोटर घ्यायची?”

माझा पहिला हिशेब

राउटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणारे यंत्र. ते हातात धरून लाकडावर फिरवता येते. तेच उलटे करून टेबलाखाली बसवले की यंत्र जागेवर राहते आणि लाकूड हाताने पुढे सरकवायचे असते. लहान तुकड्यांसाठी आणि एकसारख्या पुष्कळ नगांसाठी ही दुसरी पद्धत सोयीची. दोनशे बैलांच्या दोनशे पाट्या करायच्या तर टेबलच हवे.

काकांपुढे दोन पर्याय होते. एक, बाजारातून हाताने चालवायचा १,६०० वॅटचा राउटर आणून टेबलाखाली टांगणे. किंमत १२,५०० रुपये. दुसरा, ओळखीच्या माणसाकडे असलेली एक अश्वशक्तीची जुनी सिंगल फेज मोटर ३,२०० रुपयांत घेणे आणि तिच्या दांड्यावर पाते बसवणे. मी वहीत दोन रकाने आखले. जुन्या मोटरीचे वजन सोळा किलो, बांधणी बिडाची, तिला घासणारे कार्बन ब्रश नाहीत, आवाज नाही, आयुष्य दीर्घ. राउटरचे वजन सहा किलो, आवाज कानठळ्या बसवणारा, ब्रश झिजणारे. दर अश्वशक्तीला किती रुपये, हे काढले आणि निकाल दिला, “काका, जुनी मोटर.” माझ्या निकालावर सर्व खूष झाले. मी तर फारच.

दहा दिवसांनी मोटर टेबलाखाली बसली. पाते धरण्यासाठी ड्रिलचा चक लावला. पहिली पाटी सरकवली आणि कड गोल होण्याऐवजी कुरतडल्यासारखी झाली. रेषा उलटली, तंतू उपटले गेले. काकांनी लाकूड बदलून पाहिले, नवे पाते लावून पाहिले. मग वेग वाढवावा म्हणून मोटर बाजूला घेऊन, पट्टा आणि लहानमोठ्या पुल्या लावून, वेगळ्या बेअरिंगवर दांडा उभा केला. आता टेबलच थरथरू लागले. तिसऱ्या दिवशी चकातून पाते निसटले आणि समोरच्या पत्र्याला खण्णकन आदळले. सुदैवाने त्या रेषेत कोणी उभे नव्हते. काकांनी बटण बंद केले, पत्र्याला पडलेला खोचा बोटाने चाचपला आणि माझ्याकडे पाहून काहीच बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते.

चूक कोठे झाली?

मी शक्ती मोजली होती, वेग मोजला नव्हता.

आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलण्याचे चक्र पुरे करते. पंखा, पिठाची गिरणी, पाण्याचा पंप यांत असते ती इंडक्शन मोटर या चक्राला बांधलेली असते. तिचा वेग काढण्याचे सूत्र सोपे आहे : १२० गुणिले ५०, भागिले मोटरीतील चुंबकीय ध्रुवांची संख्या. दोन ध्रुव असतील तर मिनिटाला ३,००० फेरे, चार असतील तर १,५००. प्रत्यक्षात थोडी घसरण होऊन ते २,८०० आणि १,४०० च्या आसपास राहतात. मोटर एक अश्वशक्तीची असो वा दहा, थेट विजेवर ती याहून जोरात फिरणार नाही.

हातातल्या राउटरची मोटर निराळ्या जातीची असते. तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. तिच्या फिरत्या भागालाही ब्रशमार्फत वीज पोचवलेली असते, त्यामुळे ती पन्नासच्या चक्राला बांधलेली नसते. ती सहज २०,००० ते २५,००० फेरे घेते. मिक्सर, हातड्रिल, जुन्या शिलाईयंत्राची मोटर याच जातीतल्या.

आता वेगाने फरक काय पडतो ते पाहू. राउटरच्या साध्या पात्याला दोन धारा असतात. लाकूड मिनिटाला दोन मीटर या गतीने सरकवले आणि पाते २,८०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ५,६०० वेळा धार लाकडाला लागते. म्हणजे प्रत्येक धार सुमारे ०.३६ मिलिमीटर जाडीचा घास घेते. पाते २४,००० फेरे घेत असेल तर तोच घास ०.०४ मिलिमीटर होतो. पहिल्या वेळी लाकूड उपटले जाते, दुसऱ्या वेळी तासले जाते. रंध्याचे पाते जास्त बाहेर काढून रंधा मारला तर काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको.

दुसऱ्या तऱ्हेनेही हे समजून घेता येते. पात्याच्या परिघावरचा बिंदू सेकंदाला किती मीटर धावतो ते काढावे. १२ मिलिमीटर व्यासाचे पाते २,८०० फेऱ्यांनी फिरले तर त्याची धार सेकंदाला पावणेदोन मीटर धावते; २४,००० ला पंधरा मीटर. लहान पात्याला मोठा वेग का लागतो याचे हे उत्तर. मात्र व्यास वाढला की हाच वेग घातक होतो. ५० मिलिमीटरचे पाते २४,००० फेऱ्यांनी फिरवले तर धार सेकंदाला बासष्ट मीटरांच्या वर जाते. म्हणून साधारण नियम असा की २५ मिलिमीटरपर्यंतच्या पात्याला २४,००० पर्यंत, ५० मिलिमीटरपर्यंत १८,००० पर्यंत, आणि त्याहून मोठ्याला वेग आणखी उतरवत १२,००० किंवा कमी. पात्याच्या दांड्यावर कमाल वेग कोरलेला असेल तर तोच अंतिम समजावा.

मग मोठ्या सुतारकारखान्यांत इंडक्शन मोटरीवर अशीच कामे कशी चालतात, असा प्रश्न येईल. ते यंत्र स्पिंडल मोल्डर. त्याचे पाते शंभर-सव्वाशे मिलिमीटर व्यासाचे, दांडा जाड, बेअरिंगे बाजूचा दाब सोसण्यासाठीच बसवलेली आणि पट्ट्याने वेग पाच-सहा हजारांपर्यंत नेलेला. १२० मिलिमीटरचे पाते ६,००० फेऱ्यांनी फिरले तर धार सेकंदाला सुमारे अडतीस मीटर धावते. म्हणजे व्यासाने वेगाची उणीव भरून काढली. आम्ही मोटर मोल्डरची घेतली आणि पाते राउटरचे लावले. शिवाय ड्रिलचा चक हा सरळ खाली दाब घेण्यासाठी असतो. बाजूने दाब आला की त्याची पकड हळूहळू सुटते. पत्र्याचा खोचा त्याचीच साक्ष होती.

इंडक्शन मोटरीला मी उगाच बदनाम करू इच्छित नाही. निकोला टेस्ला यांना या मोटरीची अमेरिकन पेटंटे १८८८ साली मिळाली. गमतीची गोष्ट अशी की त्याच साली आमच्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले होते. पुढे १९१० साली त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४६ साली बेंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभी राहून तेथे विजेच्या मोटरी बनू लागल्या. मराठी आणि कन्नड या दोन्ही मुलुखांचा या कथेवर सारखा हक्क आहे. विहिरीवरचा पंप, गिरणी, लेथ ही स्थिर गतीची आणि तासन्‌तास चालणारी कामे या मोटरीनेच करावीत. आमच्या जुन्या मोटरीचेही पुढे सोने झाले, ते शेवटी सांगते.

निव्वळ आणि ढोबळ

माझ्या वहीतली आणखी एक चूक वाणिज्याच्या विद्यार्थ्याला लाज आणणारी होती. इंडक्शन मोटरीच्या पाटीवर लिहिलेली अश्वशक्ती ही दांड्यावर मिळणारी शक्ती असते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. राउटरच्या पाटीवरचे वॅट मात्र तो विजेतून ओढतो ते असतात. एका बाजूला निव्वळ नफा आणि दुसऱ्या बाजूला ढोबळ विक्री घेऊन मी दोन दुकानांची तुलना केली होती! १,६०० वॅटच्या राउटरची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर दांड्यावर ९६० वॅट उरतात, म्हणजे सव्वा अश्वशक्तीच्या थोडे वर. शक्तीच्या बाबतीतही राउटर मागे नव्हताच.

राउटर घेताना काय पाहावे

शेवटी राउटर घ्यायचे ठरले. या वेळी मी निकाल दिला नाही, प्रश्न विचारले. हाताने चालवायची विजेची अवजारे परदेशी कंपन्यांची मिळतात तशी आपल्याकडचीही मिळतात; आमच्या बेळगावपासून फार दूर नसलेल्या शिरोळ येथील कुलकर्णी पॉवर टूल्स या नावाने सुरू झालेली कंपनी १९७६ सालची आहे. नाव कोणतेही असो, पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, वेग कमी-जास्त करण्याची चकती आहे का. टेबलावर लहानमोठी सर्व पाती लागतात, म्हणून ती हवीच. चांगल्या यंत्रात दाब आला तरी वेग टिकवून धरणारी आणि सुरुवात हळू करणारी व्यवस्था असते. हळू सुरुवात झाली नाही तर टेबलाला दर वेळी हिसका बसतो.

दुसरी, पाते धरणारे कॉलेट कोणत्या मापाचे. बाजारात पाव इंच, अर्धा इंच, तसेच ६, ८ आणि १२ मिलिमीटर अशी मापे मिळतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि अर्धा इंच म्हणजे १२.७. सहाचे पाते पाव इंचाच्या कॉलेटात घालून घट्ट आवळले तर बसल्यासारखे वाटते, पण ते बसलेले नसते. जाड दांड्याचे पाते कमी थरथरते, म्हणून टेबलासाठी अर्धा इंच उत्तम.

तिसरी, वॅट. कडा गोल करणे आणि उथळ खोबणी यांना हजार-बाराशे पुरतात. दाराचा गोला-गलता मारायचा तर १,६०० किंवा अधिक हवेत. तरीही एका दमात सगळे लाकूड काढू नये. दोन-तीन वेळा थोडे थोडे काढावे.

चौथी, उंची कशी बदलते. हातात धरून दाबायच्या राउटरला आत स्प्रिंग असते. उलटे टांगल्यावर तीच स्प्रिंग उंची वाढवताना विरोध करते. टेबलासाठी स्थिर बैठकीचा, किंवा स्क्रूने उंची बदलता येणारा राउटर सोयीचा.

पाचवी, ब्रश बाहेरून काढता येतात का आणि जवळच्या शहरात ते मिळतात का. ब्रश जोडीने बदलावेत. ठिणग्या वाढल्या आणि मोटर अडखळू लागली की आधी ब्रश पाहावेत.

बसवण्याची रीत

काकांनी १९ मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर चिकटवून टेबलाचा माथा केला. मध्ये चौकोनी खिडकी कापून तिच्या कडेला पायरी ठेवली आणि पायरीवर ६ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी टेबलाच्या अगदी समपातळीत बसवली. नख फिरवले तरी अडता कामा नये, कारण नख अडले तर लाकूडही अडणार आणि नेमके पात्यापाशी थबकणार. राउटरचा प्लास्टिकचा तळ काढून, त्याचीच भोके ठशासारखी वापरून, पट्टीला छिद्रे पाडली. स्क्रूची डोकी पट्टीत बुडवली. मधले भोक पात्यापेक्षा फार मोठे ठेवले नाही.

उलट्या टांगलेल्या मोटरीत भुसा वरून पडतो. म्हणून आडपट्टीच्या मागे भुसा ओढणारी नळी लावली, टेबलाखालचा भाग चहूकडून बंद केला नाही, आणि रोज संध्याकाळी हवेच्या झोताने मोटर साफ करण्याचा नियम केला. मोटरीतला पंखा हवा ओढूनच तिला थंड ठेवतो. हवा कोंडली की ती तापते.

पाते बसवताना दांडा पूर्ण आत घालून मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढावा आणि आवळावा. तळाला टेकवून आवळला तर कॉलेट नीट मिटत नाही.

लाकूड सरकवण्याची दिशा हा सर्वांत महत्त्वाचा नियम. टेबलाखाली राउटर उलटा असतो, त्यामुळे वरून पाहिले तर पाते घड्याळाच्या उलट फिरते. आपण टेबलापुढे उभे आहोत आणि आडपट्टी पात्याच्या पलीकडे आहे, तर लाकूड उजवीकडून डावीकडे न्यावे. तसे केले की पाते लाकडाच्या चालीला विरोध करते आणि ताबा हातात राहतो. उलट दिशेने नेले तर पाते लाकूड हिसकून घेते आणि त्यामागून हात जातो. लाकूड पाते आणि आडपट्टी यांच्या बेचक्यात कधीही घालू नये. लहान तुकडा हाताने नव्हे, दुसऱ्या लाकडाने ढकलावा.

तार आणि भूजोडणी

कारखान्यातील मीटरपासून टेबल तीस मीटर दूर. तेथवर पूर्वी दिव्याची बारीक तार ओढलेली होती, तांबे ०.५ चौरस मिलिमीटर. जाऊन-येऊन साठ मीटर तारेचा विरोध सुमारे २.१ ओहम होतो. १,६०० वॅटचा राउटर २३० व्होल्टवर सात अँपिअर ओढतो. म्हणजे त्या तारेत पंधरा व्होल्ट गळतात आणि शंभर वॅट उष्णता तयार होते; शंभराचा एक दिवा तारेच्या आत अखंड जळत राहिल्यासारखे. २.५ चौरस मिलिमीटरची तार ओढली तर तीन व्होल्ट आणि वीस वॅट. आम्ही ती बदलली, सोळा अँपिअरचा प्लग आणि एमसीबी बसवला आणि धातूची पट्टी जमिनीशी जोडली. राउटरच्या प्लगला दोनच पाय होते, कारण त्याच्या आत दुहेरी वेष्टन असते. तरी टेबलाची पट्टी वेगळी जोडलेली बरी.

जे राहून गेले

एवढे सगळे केल्यावर पहिली पाटी सरकवली. कड अशी निघाली की काकांनी ती गालाला लावून पाहिली. त्या आठवड्यात साठ पाट्या झाल्या.

मे महिन्याचा शेवट होता. एके दुपारी वळवाचा पाऊस आला, वारा सुटला आणि वीज गेली. दादा खोबणी पाडत होता. यंत्र थांबले. बसून राहण्यापेक्षा पाते बदलून ठेवू म्हणून त्याने पाना उचलला. मी समोर मोड्यावर बसून पाट्या मोजत होते. त्याने पाना नटाला लावण्यासाठी हात पुढे केला, तेवढ्यात बाहेर काकूंनी वाळत घातलेले कपडे उडाले म्हणून हाक मारली. तो वळला. हात टेबलावरून उचलला गेला, आणि त्याच क्षणी वीज आली. राउटर पूर्ण वेगाने सुरू झाला.

काही सेकंद कोणालाच काही सुचले नाही. मग काकांनी धावत येऊन प्लग ओढला. दादा हातातल्या पान्याकडे पाहत म्हणाला, “करंट गेला होता ना, म्हून मले वाटलं बंदच हाये.”

यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. राउटरचे बटण एकदा पुढे सरकवले की तेथेच अडकून राहते. वीज गेली म्हणजे यंत्र थांबते, बंद होत नाही. थांबणे आणि बंद होणे यांतला फरक आमच्यापैकी कोणीही मोजला नव्हता. मी तर तारेतले व्होल्टसुद्धा मोजले होते.

याला उपाय आहे आणि तो जुना आहे. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये एक वेटोळे असते. हिरवे बटण दाबले की वेटोळ्यात वीज वाहून ते चुंबक बनते आणि जोडणी धरून ठेवते. वीज गेली की चुंबकत्व जाते, स्प्रिंग जोडणी सोडवते. वीज परत आली तरी कोणी पुन्हा हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. हेच तत्त्व वापरून लहान यंत्रांसाठी नो-व्होल्ट स्विच मिळतो. त्याचे लाल बटण मोठे असते. ते टेबलाच्या पुढच्या बाजूस, मांडीने दाबता येईल असे लावावे. दादाला ही गोष्ट उलट्या बाजूने ठाऊक होती. आमच्या संत्र्याच्या बागेत पंपाला ‘ऑटो’ लावलेला आहे, म्हणजे रात्री-बेरात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा. पाण्याच्या कामी जी सोय, ती पात्याच्या कामी संकट.

दुसऱ्या दिवशी दादा नागपूरला जाऊन स्विच घेऊन आला. किंमत १,३५० रुपये. स्विच असला तरी पाते बदलताना आधी प्लग काढायचा आणि तो स्वतःला दिसेल असा टेबलावर ठेवायचा, हा नियम काकांनी खडूने भिंतीवर लिहिला.

अखेरचा हिशेब

परत निघण्यापूर्वी मी वही पुरी केली. राउटर १२,५००, पट्टी १,४००, तार, प्लग व एमसीबी १,९००, स्विच १,३५०. एकूण १७,१५० रुपये. त्याआधी माझ्या निकालापायी गेलेले : जुनी मोटर ३,२००, पुल्या-पट्टा-बेअरिंग १,४५०, चक ६००, वेल्डिंग ८००, एकूण ६,०५० रुपये, आणि हंगामाचे पंधरा दिवस. हे दुसरे पैसे पुस्तकी भाषेत बुडीत खर्च. ते गेले आहेत म्हणून जुन्या मोटरीलाच चिकटून राहणे ही त्यांत आणखी भर घालण्याची रीत होती. काकांनी लेखाशास्त्र न शिकता ते ओळखले आणि पत्र्याला खोचा पडला त्याच दिवशी मोटर खाली उतरवली.

त्या मोटरीचे पुढे काय झाले? काकांनी तिच्या दांड्याला १५० मिलिमीटरचा धारेचा दगड बसवला. २,८०० फेऱ्यांना त्या दगडाची कड सेकंदाला बावीस मीटर धावते. पटाशांना धार लावायला अगदी जोगी. गल्लीतले इतर सुतारही आता तेथे धार लावून घेतात. मोटर वाईट नव्हती, तिला दिलेले काम तिचे नव्हते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कडबाकुट्टी, गिरणी, गुऱ्हाळ किंवा करवतीचे यंत्र असेल. मोटर घेताना अश्वशक्ती आणि किंमत तर सर्वच विचारतात. त्याआधी कामाला वेग किती लागतो, तार किती जाड आहे, आणि वीज जाऊन परत आली तर काय होईल, हे तीन प्रश्न विचारावेत अशी माझी विनंती आहे. तिसरा प्रश्न आजच घरी जाऊन विचारता येईल. त्यासाठी नवी मोटर घेण्याची वाट पाहायला नको.

पोळ्याला काकांचा फोन आला. दोनशे दहा बैल सौंसरला गेले. त्यांतला एक दादाने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे, असे म्हणाले.